आहाराची पुस्तकं, गाण्याची पुस्तकं: वाचून नक्की काय उरतं?

मुलुंड_जलद

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी मार्चमध्ये रक्ततपासणीत माझा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आला. डॉक्टर म्हणाले, "अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात." त्याच महिन्यात नणंद मला पहिल्यांदाच एका मैफिलीला घेऊन गेली आणि दोन तास मी जागची हलले नाही. तेव्हापासून पिशवीत दोन प्रकारची पुस्तकं असतात. मुलुंडहून सीएसएमटीला जाताना आहाराचं, येताना गाण्याचं. चौदा महिन्यांत अकरा झाली. सहा आहाराची, पाच गाण्याची. सगळी तुमच्या-माझ्यासारख्या साध्या वाचकासाठी लिहिलेली. काही दादरच्या वाचनालयातून आणली, दोन-तीन फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली.

आता परवाची गोष्ट. आकाशवाणीवर ख्याल चालू होता. यमन हा राग कल्याण थाटाचा (थाट म्हणजे रागांचा गट), त्यात तीव्र मध्यम म्हणजे चढा 'म', वेळ रात्रीचा पहिला प्रहर, हे सगळं मला पाठ आहे. पण निवेदिकेने शेवटी नाव सांगेपर्यंत तो यमन आहे हे मला कळलं नाही. आणि आहाराचं म्हणाल तर एक पुस्तक सांगतं दर दोन तासांनी थोडं थोडं खा, दुसरं सांगतं दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण ५५ मिनिटांत संपवा. दोन्हींमागची कारणं मी कुणालाही समजावून देऊ शकते. पण सकाळी साडेसहाला ओट्यापाशी उभी राहिले की डब्यात काय भरावं हे अजूनही सुचत नाही.

मला मनापासून विचारायचंय. अशी पुस्तकं वाचून तुमच्याकडे काय उरलं? सहा महिन्यांनी, वर्षाने, खरोखर काय टिकलं?

कांजूर_मार्ग

वाचतेय. मलाही हाच प्रश्न आहे.

विरार_स्लो

ताई, आमच्या घरातलंच सांगतो.

मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन जेवणांची पद्धत धरली. बायकोने ऋजुता दिवेकरांचं वाचून दर दोन तासांची. एकाच स्वयंपाकघरात दोन टोकं. सात महिन्यांत मी ८८ वरून ७९ किलोवर आलो आणि तिचंही वजन पाच किलोने उतरलं. शेजारी विचारायचे, खरं कुणाचं?

मी बरेच दिवस त्यावर विचार केला. दर खाण्याला इन्सुलिन स्रवतं म्हणून कमी वेळा खा, हे पुस्तकातलं सगळं स्पष्टीकरण मी वाचलं होतं आणि ते मला पटलंही होतं. पण रोजच्या दिवसात बदललं काय होतं? आमच्या ऑफिसात चारला वडापाव येतो, पाचला कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि प्रत्येक चहाबरोबर दोन बिस्किटं असतात. "मी दोनदाच जेवतो" हे एक वाक्य बोलायला लागलो आणि हे सगळं आपोआप सुटलं. लोकांनी आग्रह करणंही सोडलं. बायकोचं तेच, दुसऱ्या वाटेने. तिच्या पर्समध्ये केळं, भाजलेले चणे, शेंगदाणे असायचे, त्यामुळे भूक लागली म्हणून स्टेशनवर काही घ्यायची वेळच आली नाही. दोघांचाही वडापाव गेला.

म्हणजे पुस्तकातला सिद्धांत विसरलो तरी चालतं, नियम टिकला पाहिजे. आणि नियम एका वाक्यात सांगता आला तरच टिकतो. माझा तरी तोच अनुभव.

वाचनालयवाले_काका

मी ३१ वर्षं एका वाचनालयात होतो. देवघेवीच्या खिडकीमागे बसून वाचक कसे वाचतात ते फार जवळून दिसतं.

आहाराची पुस्तकं जानेवारीत आणि दिवाळीनंतर जातात, आठ दिवसांत परत येतात. आतली पानं कोरी. पहिल्या चाळीस पानांपर्यंत हाताळल्याच्या खुणा दिसतात, पुढे नाहीत. मात्र तक्त्याचं पान बहुतेक वेळा फाडलेलं असतं. लोक तक्ता घेऊन जातात आणि पुस्तक परत करतात.

गाण्याची पुस्तकं वर्षभर जातात, कमी जातात, आणि दोन-दोन महिने परत येत नाहीत. त्यात पेन्सिलीच्या खुणा असतात. बी. आर. देवधरांचं 'थोर संगीतकार' आमच्याकडे तीनदा बांधून घ्यावं लागलं. ऑपेरा हाऊसजवळ देवधरांची गायनशाळा होती, कुमार गंधर्व तिथेच शिकले. मोठमोठे गवई देवधरांनी जवळून पाहिले, त्यांच्याकडून चिजा (गायच्या बंदिशी) घेतल्या, आणि त्या माणसांच्या गोष्टी लिहिल्या. वाचकाला रागाची व्याख्या आठवत नाही, पण कुठला खाँसाहेब कसा बसायचा, कशावर रागवायचा, हे आठवतं. आणि त्या आठवणीमुळे तो गाणं ऐकायला जातो. माझ्या मते उरतं ते हे.

भायखळ्याचा_डॉक्टर

विरार_स्लो यांच्या निरीक्षणाशी शंभर टक्के सहमत. एकमेकांच्या विरुद्ध बोलणारी पुस्तकं शेजारी ठेवून पाहा. साखर, बिस्किटं, फरसाण, येता-जाता तोंडात टाकणं, यांना सगळीकडेच मनाई असते. सामाईक भाग मोठा असतो, पण मुखपृष्ठावर येतो तो वेगळा भाग.

माझ्या पेशंटना वाचनाचा फायदा होतो, हे आधी सांगतो. प्रथिनं आणि कर्बोदकांत ग्रॅममागे ४ कॅलरी, स्निग्धात ९, एवढं ज्याला माहीत असतं त्याच्याशी बोलताना माझी दहा मिनिटं वाचतात. पण दोन गोष्टींत पुस्तकं वाचणाऱ्यांची फसगत झालेली मी रोज बघतो.

पहिली म्हणजे "आठवड्यात दोन किलो". शरीर ग्लायकोजेन नावाचा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी एकदम कमी केली की हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. वजनकाटा खाली येतो, पण चरबी जवळजवळ तिथेच असते. तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही, आणि माणूस समजतो आपलंच चुकलं. त्याचं काही चुकलेलं नसतं.

दुसरी गोष्ट परदेशी तक्त्यांची. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. यडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे माणूस बारीक दिसतो आणि पोटात चरबी साठवून असतो. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच सावध व्हायचं असतं, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर मोजा. कुठल्याही विकतच्या पुस्तकापेक्षा तो आकडा तुम्हाला जास्त सांगेल.

वर्सोव्याची_पारू

डॉक्टरसाहेब, तक्त्यांचं बोललात ते बरं झालं.

मी चार पुस्तकं वाचली. एकातही सुकट नाही, बोंबील नाही, मांदेली नाही. मासा म्हटलं की एकदम सॅलमन. तांदळाची भाकरी तर कुठल्या रकान्यातच नाही. माझी आजी ८१ वर्षांची होऊन गेली, पहाटे तीनला उठून ससून डॉकला जायची, डोक्यावर पाटी. दुपारी भात, निस्त्याचं कालवण आणि दोन तळलेल्या तुकड्या. मी आजीसारखं खाते आणि दिवसभर संगणकासमोर बसते. फरक कुठे आहे ते मला कळतं. पण पुस्तक मला सांगतं की तुझं जेवणच चुकीचं. याचा मला राग येतो. खूप येतो.

दिवेकरांचं एवढं मात्र मला आवडलं की घरचं, आपल्या भागातलं खा, तुपाला-भाताला घाबरू नका, असं कुणीतरी ठासून म्हटलं.

पेटीमास्तर

मुलुंडच्या ताई, तुमच्या यमनबद्दल बोलतो. निराश होऊ नका, तुम्ही अगदी योग्य जागी अडलात.

माझ्याकडे एक गृहस्थ शिकायला येतात. बँकेतून निवृत्त. पहिल्याच दिवशी दहा थाट घडाघडा म्हणून दाखवले, वादी-संवादी (रागातला मुख्य स्वर आणि त्याचा जोडीदार) तोंडपाठ. मी म्हटलं, छान. मग एका कागदावर पाच स्वर लिहिले: सा रे ग प ध. विचारलं, हा कोणता राग? म्हणाले, भूप. म्हटलं, आता ऐका. आधी भूप गायलो, मग त्याच पाच स्वरांत देशकार. म्हणाले, "दोन्ही भूपच की, मास्तर."

कागदावर दोन्ही सारखेच. पुस्तक पुढचंही सांगतं: भूपाचा वादी गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध). भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. भूप कल्याण थाटातला, देशकार बिलावल थाटातला. त्यांना हेही पाठ होतं. म्हणून मी एक केलं. पेटीवर त्यांचं बोट ठेवायला लावलं आणि म्हटलं, मी गातो, माझा आवाज जिथे विसावतो असं वाटेल त्या पट्टीवर बोट न्या, वाजवू नका. भूपात बोट सारखं गंधाराकडे यायचं. ग रे सा, मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या धैवताला स्पर्श करून पुन्हा सा रे ग, आणि गंधारावर थांबणं. देशकारात पहिल्या दोन वेळा त्यांचं बोट नुसतं भटकलं. तिसऱ्या वेळी मी धैवतावर जरा जास्त थांबलो आणि बोट वर सरकून तिथेच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यानंतर त्यांनी तो कागद पुन्हा काढला नाही.

पुस्तकाने त्यांना 'वादी' हा शब्द दिला होता. तो नसता तर मी नक्की काय दाखवतोय हे त्यांना कळलंच नसतं. शब्द आधी मिळाला, अर्थ बोटाला नंतर मिळाला. म्हणून मी शिष्यांना पुस्तकं वाचू नका असं कधीच म्हणत नाही.

अंधेरीचा_सीए

मास्तर, पण तुमच्या बोलण्यातून असं वाटतं की खरं ज्ञान गुरूकडेच आणि पुस्तक नुसतं शब्दांपुरतं. याला माझा विरोध आहे.

पं. भातखंडे पेशाने वकील. जन्म १८६०, वाळकेश्वरचा. त्या काळी उस्ताद लोक चिजा छातीशी धरून बसायचे, बाहेरच्याला एक अंतरा मिळायचा नाही. या माणसाने वकिली बाजूला ठेवली, देशभर फिरला, एकेक चीज मिळवली, स्वरलिपीत उतरवली आणि छापली. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथ मूळ मराठीत आहे, गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा शंका काढतो. सामान्य माणसाला संगीताचा दरवाजा उघडला तो पुस्तकाने. गुरूने नाही.

आणि आमच्या व्यवसायातले वामनराव देशपांडे! चार्टर्ड अकाउंटंट. १९६१ साली 'घरंदाज गायकी' लिहिलं. घराणं म्हणजे नेमकं काय, किराणा घराण्याला स्वर का प्यारा, आग्र्याला लय का, जयपूरचं काय वेगळं, हे हिशेब मांडावा इतकं स्वच्छ मांडलं. मी ते पुस्तक वाचण्याआधी मला सगळे गवई सारखेच वाटायचे.

पेटीमास्तर

सीएसाहेब, भातखंड्यांपुढे माझं डोकं टेकलेलंच आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्रावर उभी रेघ, सप्तकाचे वर-खाली ठिपके. मी आजही त्याच खुणांनी शिकवतो.

फक्त एक बघा. भातखंडे गायन उत्तेजक मंडळी या मुंबईच्या संगीतसंस्थेत वर्षानुवर्षं ऐकत-शिकत होते, मग त्यांनी लिहिलं. वामनराव स्वतः तालीम घेत होते, मोगूबाई कुर्डीकरांसारख्या गुरूपुढे बसले होते. त्यांनी ऐकलेलं गाणं आधी त्यांच्या कानात होतं, पुस्तक नंतर झालं. आपण वाचक उलट दिशेने निघतो. पुस्तकाकडून कानाकडे. ती वाट चुकीची नाही, लांब आहे एवढंच.

अंधेरीचा_सीए

हे मान्य. लांबची वाट पण पोचवते, एवढं तुम्हीही मान्य करा.

पेटीमास्तर

केलं.

ठाकूरद्वार_१९६२

अवांतर: मास्तर, तुमच्या पेटीला तर आकाशवाणीने १९४० साली बाहेर काढलं होतं ना? आमचे वडील सांगायचे.

पेटीमास्तर

हो, आणि ती बंदी पुढे जवळजवळ तीन दशकं होती. कारण असं की पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही आणि श्रुतींचे, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बारीक फरक दाखवता येत नाहीत. आक्षेप खरा होता. मी आयुष्यभर पेटी वाजवतो तरी म्हणतो, खरा होता. म्हणूनच मोबाईलवरच्या पेटीवर पुस्तकातले स्वर वाजवून राग ओळखू पाहणाऱ्यांना सांगतो, त्यापेक्षा तंबोरा लावा आणि गळा ऐका.

बाळाची_आई_ठाणे

माझाही एक अनुभव. गरोदर असताना मला एका पुस्तकात मिळालं की पोटातल्या बाळाला मोझार्ट ऐकवलं तर ते हुशार होतं. मी रोज अर्धा तास ऐकवायचे. एक दिवस चुकला तर रडू यायचं, आपण बाळाचं नुकसान करतोय असं वाटायचं. नंतर मूळ प्रयोगाचं वाचलं. १९९३ चा. ३६ कॉलेजविद्यार्थी, दहा मिनिटं संगीत, मग कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारखं एक काम. त्यात थोडे गुण वाढले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्या प्रयोगात बाळ एकही नव्हतं! तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायचा प्रस्ताव मांडला.

मला राग प्रयोगाचा नाही. ज्याने दहा मिनिटांच्या निष्कर्षाचं पुस्तक करून गरोदर बाईच्या हातात ठेवलं, त्याचा आहे. आता मी मुलीला झोपवताना आईची ओवी म्हणते. हुशारीसाठी नाही, ती शांत झोपते म्हणून.

भायखळ्याचा_डॉक्टर

ठाण्याच्या ताई, आहारातलाही एक प्रयोग असाच ३६ जणांचा आहे. १९४४-४५, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठ, ॲन्सल कीज. ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने आले आणि त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं भरवायचं हे शोधायचं होतं. ती मुलं दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागली. काही जण पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे.

डाएटची पुस्तकं एकामागून एक वाचणारे माझे काही पेशंट बघितले की मला तीच मुलं आठवतात. त्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, "पोटभर जेवता का?"

ठाकूरद्वार_१९६२

दोन्हीकडे छत्तीसच! तरीच पुस्तकांचा आणि प्रयोगांचा छत्तीसचा आकडा.

विरार_स्लो

काका, जिंकलात!

सांताक्रूझ_पश्चिम

हा धागा हसत वाचत होते, पण एक गोष्ट लिहिणं मला कर्तव्य वाटतं.

माझ्या बाबांनी (वय ६८, दहा वर्षं मधुमेह) दोन जेवणांबद्दल कुणाकडून तरी ऐकलं, पुस्तक आणलं, दुसऱ्या दिवशी सुरू. साखर उतरवणारी गोळी मात्र सकाळी नेहमीसारखी घेतली. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दादरला पुलावर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, शब्द जड झाले. लोकांना वाटलं हृदयविकार. फुलं विकणाऱ्या एका मावशीने त्यांचा चेहरा बघितला आणि विचारलं, "साखरेची गोळी घेता का हो?" त्यांनी मान हलवली. मावशीने चहावाल्याकडून साखर आणून पाण्यात कालवून पाजली. वीस मिनिटांत बाबा नीट बोलायला लागले.

मी नंतर ते पुस्तक उघडलं. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. बाबा ते पान उलटून पुढे गेले होते. मी स्वतःही अशी पानं उलटते. "सूचना" असा मथळा दिसला की आपण सगळेच उलटतो. कृपा करून उलटू नका.

भायखळ्याचा_डॉक्टर

त्या मावशींना माझा नमस्कार सांगा. हे प्रत्येकाने वाचावं. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी औषधाचा डोस बदलावा लागतो. आधी डॉक्टर, मग पुस्तक.

वाचनालयवाले_काका

सांताक्रूझच्या ताईंचं वाचून मन गलबललं. बाबांना जपा.

जुनी एक गोष्ट सांगतो, आपले दोन्ही विषय तिच्यात आहेत. वजन उतरवण्याचं पहिलं गाजलेलं पुस्तक निघालं ते कानाच्या दुखण्यातून. लंडनचे विल्यम बँटिंग, धंदा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा. वय साठीच्या पुढे, वजन ९० किलोंच्या वर. ऐकू कमी यायला लागलं म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर हार्वे म्हणाले, तुमच्या चरबीचा दाब कानावर येतोय. पाव, लोणी, दूध, साखर, बीअर, बटाटा बंद करायला लावलं. वर्षभरात सुमारे २१ किलो उतरले. १८६३ साली बँटिंगनी त्यावर छोटी पुस्तिका काढली, सुरुवातीला फुकट वाटली. ती एवढी खपली की इंग्रजीत वजन कमी करण्याला त्यांच्याच आडनावाचं क्रियापद झालं. आज जे नवीन म्हणून छापतात त्यातलं बरंच त्या पुस्तिकेत आहे.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की तो माणूस बारीक दिसायला गेला नव्हता. त्याला ऐकू यायला हवं होतं.

पेटीमास्तर

काका, हे मी माझ्या सगळ्या शिष्यांना सांगणार.

व्हायोलिन_माहीम

मीही थोडी भर घालते. "दहा हजार तास सराव केला की कुणीही निष्णात होतो", हे वाचून माझ्या मुलाने भिंतीवर तासांचा तक्ता लावला होता. मूळ अभ्यास १९९३ चा, अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर. सर्वांत चांगल्या गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तास भरत होता. सरासरी! म्हणजे कुणाचा कमी, कुणाचा जास्त. २००८ सालच्या एका लोकप्रिय पुस्तकाने त्याचा नियम केला, आणि आपण असा नियम सांगितलाच नव्हता असं स्वतः एरिक्सनना पुढे लिहावं लागलं. त्यांचा भर तासांवर नव्हता. चूक शोधून, शिक्षकाच्या देखरेखीखाली, तेवढीच दुरुस्त करत जाण्यावर होता.

मुलाचा तक्ता मी काढला नाही. त्यात एक रकाना वाढवला: "आज काय दुरुस्त झालं?" पहिल्या आठवड्यात तिथे फक्त "मधलं बोट" असं लिहिलेलं होतं. वाचून इतका आनंद झाला!

वर्सोव्याची_पारू

हे आहारालाही लागू करता येईल. मी आज संध्याकाळपासून लिहिते. पहिली नोंद: दुपारी भात तेवढाच, पण जेवून लगेच बसले नाही, इमारतीला चार फेऱ्या मारल्या.

ठाकूरद्वार_१९६२

एकादशीला साबुदाण्याची खिचडी चालेल का, याचं उत्तर मात्र अजून कुठल्याच पुस्तकात मिळालेलं नाही.

भायखळ्याचा_डॉक्टर

काका, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वाटीभर खा, दाण्याचं कूट सढळ घाला, बरोबर दही घ्या. दोन ताटं नकोत. उपास तुमचा, साखर माझ्याकडे येते.

मुलुंड_जलद

मंडळी, दोन आठवडे गप्प होते, त्याचं कारण आहे. मास्तरांचा बोटाचा प्रयोग मी करून बघत होते.

किशोरीताई आमोणकरांचा भूप, 'सहेला रे', मोबाईलवर घेतला. गाडीत पेटी कुठून आणणार? म्हणून पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पाच आडव्या रेघा मारल्या, पाच स्वरांच्या. आवाज थांबला असं वाटलं की त्या रेघेवर पेन्सिलीने ठिपका. पहिले चार दिवस ठिपके सगळीकडे विखुरले. पाचव्या दिवशी घाटकोपर सुटलं आणि मला एकदम कळलं की मी बराच वेळ एकाच रेघेवर ठिपके देतेय. खाली अक्षर बघितलं: ग. शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं? मला सांगताच येईना. तिच्या कानात एक इअरफोन दिला.

आहाराचंही सांगते. दुसरा रिपोर्ट आला, एचबीए१सी ५.८. सहा पुस्तकांतलं काय काय पाळते याची यादी करायला बसले तर तीनच गोष्टी निघाल्या. चहात साखर नाही. डब्यात भाजीच्या निम्मी पोळी, आधी बरोबर उलट असायचं. आणि संध्याकाळी फास्ट सोडून स्लो पकडते, नाहूरला उतरून घरी चालत जाते. पहिल्या दोन पुस्तकांतून आल्या. तिसरी कुठल्याच पुस्तकातली नाही. स्लो गाडीत ख्याल पुरा होतो म्हणून ती सुरू झाली, आणि नाहूरला उतरते कारण तोवर घरी जाऊन लगेच कुकर लावावासा वाटत नाही.

डॉक्टरसाहेब, कंबर मोजली. ८६ सेंटीमीटर. अजून सहा जायचेत.

भायखळ्याचा_डॉक्टर

जातील. घाई करू नका, नाहूर सोडू नका.

पेटीमास्तर

ताई, ते ठिपक्यांचं पान फाडू नका, तारीख घालून ठेवा. आता देशकार घ्या. येताना नाही, जाताना ऐका, सकाळचा राग आहे. ठिपके वरच्या रेघेकडे सरकतात का बघा. नाही सरकले तर मला कळवा, मी गाऊन पाठवतो.

कांजूर_मार्ग

ताई, तुम्ही संध्याकाळची कितीची स्लो पकडता? मी कांजूरला उतरते, त्याच गाडीला येईन म्हणते.

मुलुंड_जलद

६:४२, मधला लेडीज डबा. चौथ्या सीटवर असते बहुतेक. दुसरा इअरफोन रिकामा आहे, ये.